तत्त्वज्ञानाची परीक्षा

तत्त्वज्ञान शिकवितां येतें किंवा नाहीं, हा वाद सॉक्रेटिसाइतकाच जुना आहे. त्याची परीक्षा मात्र घेतां येते, ह्याविषयीं आपल्याकडे फारशी शंका कोणास येत नाहीं. कॉलेजांत पाऊल टाकणारा मुलगा पहिल्याच वर्षीं सॉक्रेटिसाचा खटला ऐकतो, प्लेटोच्या गुहेंत शिरतो, देकार्ताबरोबर सर्व जगाविषयीं संशय घेतो, चार्वाकाचें म्हणणें काय व त्याचें खंडन कोणीं कसें केलें हें टिपून घेतो. आणि कांहीं महिन्यांनीं दोनतीन तास बसून हें सर्व कागदावर उतरून देतो. संशय घेणें हा ज्या शास्त्राचा पहिला धडा, त्या शास्त्राच्या परीक्षेविषयीं मात्र कोणीं संशय घेऊं नये, हा प्रकार थोडासा मौजेचा आहे.

आम्ही राहतों तें दापोडें भिवंडी तालुक्यांतलें. भाताच्या खाचरांचें हें गांव आतां मालाच्या गोदामांसाठीं ओळखलें जातें. शेजारचा एक तरुण दिवसा अशाच एका गोदामांत आलेल्यागेलेल्या मालाची नोंद ठेवतो आणि रात्रीं घरीं अभ्यास करून बी. ए. च्या परीक्षा देतो. त्यानें एकदां आम्हांस विचारिलें, "काका, देकार्ताच्या प्रश्नाला दहांपैकीं सहा गुण मिळाले. उरलेले चार कशांत गेले?" गोदामांत दहा खोकीं यावयाचीं तेथें सहाच आलीं, तर उरलेल्या चारांचा जबाब कोणाला तरी द्यावा लागतो, तेव्हां त्याचा प्रश्न त्याच्या व्यवसायास धरूनच होता. त्याला घाईनें कांहीं तरी उत्तर देऊन वाटेस लावण्यासारखा मात्र तो नव्हता. विचाराला गुण देण्याचा उद्योग आपल्या महाराष्ट्रांत केव्हांपासून व कसकसा चालत आला आहे, हें थोडें मागें जाऊन पाहिल्याशिवाय त्या चार गुणांचा पत्ता लागणें कठीण.

मराठी मुलखांत विद्वत्तेच्या जाहीर परीक्षेची गोष्ट निघाली म्हणजे पहिली आठवण होते ती श्रावणमासांतील दक्षिणेची. हा दानधर्म तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांनीं सुरू केला होता. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि पहिल्या बाजीरावानें तो पुण्यास आणिला. पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा बांधण्यांत आला व श्रावणांत ठिकठिकाणचे ब्राह्मण तेथें लोटूं लागले. सामान्य भिक्षुकास थोडकी रक्कम मिळे. शास्त्र्यांची मात्र परीक्षा होऊन ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें दक्षिणा ठरे. परीक्षा तोंडी, परीक्षक समोर, आणि बक्षीस रोख. रामशास्त्री प्रभुणे ह्यांच्याकडे ह्या खात्याचा कारभार होता तेव्हांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणिसांनीं त्यांना कांहीं अधिक द्यावें असें सुचविलें. शास्त्रीबोवांनीं उत्तर केलें कीं, ह्यांची विद्या इतरांइतकीच आहे, तेव्हां सरकारांतून इतरांइतकेंच द्यावें. भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें आपण आपल्या पदरचें देऊं. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, समोरासमोरच्या परीक्षेचें मर्म तींत बरोबर आलें आहे. अशी परीक्षा परीक्षकाइतकीच न्यायी असते. तिला दुसरें कुलूप नाहीं.

परंतु ह्या तोंडी परीक्षेच्या पाठीशीं परीक्षकाचा स्वभाव एवढीच एक सामग्री होती असें समजूं नये. न्यायशास्त्र पढलेल्या माणसाजवळ एक छापील नसलेली पण पाठ असलेली गुणदोषांची यादी असे. गौतमाच्या न्यायसूत्रांचा पांचवा व शेवटचा अध्याय निम्म्याहून अधिक ह्याच कामीं खर्ची पडला नसला, तरी त्याचें दुसरें आह्निक सबंध ह्याच विषयाला वाहिलेलें आहे. वादांत माणूस कोठें कोठें पकडला जातो, त्या बावीस जागा, म्हणजे बावीस निग्रहस्थानें, त्यांत सांगितलीं आहेत. ज्यानें ज्यानें म्हणून पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासल्या असतील, त्याला ही यादी वाचतांना जुने स्नेही भेटल्यासारखें वाटेल. आपण आरंभीं जें विधान केलें तेंच प्रतिपक्ष्याचा दृष्टान्त मान्य करून घालवून बसणें, ही प्रतिज्ञाहानि. देकार्ताचा संशय काय आहे असें विचारिलें असतां देकार्ताचा जन्म कोठें झाला व तो सैन्यांत किती वर्षें होता हें लिहीत बसणें, हें अर्थान्तर. एक कारण पुरेसें असतां तीन देणें हें अधिक, आणि आपल्या आजच्या पद्धतींत ह्याच दोषाला पुरवणी जोडून बक्षीस मिळतें! तेंच तें निराळ्या शब्दांत घोळणें हें पुनरुक्त. उत्तर न सुचणें ही अप्रतिभा. "मला दुसरें काम आहे" असें म्हणून उठून जाणें हा विक्षेप. आपल्यावर आलेला आक्षेप न निवारतां "तुमच्याही मतांत हाच दोष आहे" असें म्हणणें ही मतानुज्ञा. हिच्यावांचून वर्तमानपत्रें कशीं चाललीं असतीं, हें आम्हांस कळत नाहीं.

ह्या यादींतील एक स्थान विशेष विचार करण्याजोगें आहे. प्रतिपक्ष्यानें आपलें म्हणणें तीनदां सांगितलें, सभेला तें समजलें, आणि तरीही तें आपल्या तोंडानें पुन्हां मांडतां आलें नाहीं, तर तें अननुभाषण. म्हणजे खंडन करण्याचा अधिकार मिळण्यापूर्वीं दुसऱ्याचें म्हणणें नीट सांगतां आलें पाहिजे. उलट, आपणच तीनदां सांगूनही सभेला किंवा प्रतिपक्ष्याला समजलें नाहीं, तर तें अविज्ञातार्थ, आणि दोष सांगणाऱ्याचा. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सभेंत तीन वेळां सांगण्याची मुभा होती. पहिल्यानें धांदल झाली, शब्द चुकला, तर दुसऱ्यानें सुधारून घेतां येई. उत्तरपत्रिकेंत मात्र जें सांगावयाचें तें एकदांच. आणि ऐकणारा काय समजला हें सांगणाऱ्यास जन्मभर कळत नाहीं.

ह्याहून महत्त्वाचें तें पुढेंच आहे. यादीच्या शेवटाकडे दोन दोष असे सांगितले आहेत कीं, ते उत्तर देणाऱ्याचे नसून दोष काढणाऱ्याचे आहेत. चूक समोर असतां ती न पकडणें हें पर्यनुयोज्योपेक्षण, आणि चूक नसतां ती आहे असें म्हणणें हा निरनुयोज्यानुयोग. परीक्षक नापास होऊं शकतो, हें ज्या शास्त्रानें मुळांतच लिहून ठेविलें त्याची थोरवी काय वर्णावी! बरें, पहिला दोष कोणीं उघड करावयाचा? वात्स्यायन भाष्यांत म्हणतो, तो सभेनें सांगावा. कारण ज्याची चूक पकडावयाची राहिली तो स्वतःची लाज स्वतः कशाला उघडी करील? म्हणजे परीक्षार्थी व परीक्षक ह्यांखेरीज तिसरा कोणी ऐकणारा पाहिजे, ही कल्पना त्या व्यवस्थेच्या पायांतच होती.

आणि ही सारी शस्त्रें सगळ्यांवर सरसकट चालवावयाचीं नव्हेत, असाही निर्बंध आहे. जिंकण्यासाठीं बोलणें तो जल्प, नुसतें दुसऱ्याचें मोडणें ती वितंडा, आणि सत्य काढण्यासाठीं बोलणें तो वाद. गुरु, शिष्य, सहाध्यायी आणि ज्यांच्या मनांत असूया नाहीं अशीं माणसें ह्यांनीं करावयाचा तो वाद. त्यांत बावीसांपैकीं मोजकींच स्थानें दाखवावयाचीं: हेत्वाभास आहे काय, अनुमानाचा एखादा अवयव कमी किंवा जास्त आहे काय, स्वतःच पत्करलेल्या सिद्धान्ताला सोडून बोलणें झालें काय. शब्द अडखळला, उत्तर वेळेवर सुचलें नाहीं, असल्या गोष्टींवर शिष्यास पाडावयाचें नाहीं. विद्यार्थ्याच्या कोणत्या चुकीकडे पाहावें आणि कोणतीकडे काणाडोळा करावा, ह्याचा इतका बारीक विवेक आजच्या परीक्षकांस पाठविल्या जाणाऱ्या सूचनापत्रकांत आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

एवढें गुणगान करतांना त्या सभेच्या दाराबाहेर कोण उभे होते हें विसरणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. रमण्यांतील दक्षिणा ब्राह्मणांपुरती होती. परीक्षकाला समोरच्याचें तोंड दिसे, नांव कळे, गोत्र कळे; आणि ज्याला दारांतच मज्जाव त्याच्या निग्रहस्थानांचा प्रश्नच उद्भवत नसे. इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ सालीं कमिशनर चॅप्लिन ह्याच्या कारकीर्दींत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली आणि दक्षिणेच्या पैशांचा एक ओघ तिकडे वळला. १८४९ त लोकहितवादी व त्यांच्या जोडीच्या तरुणांनीं ह्या पैशांतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावें असा अर्ज केला. सनातनी मंडळी खवळली, पण १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. आतां परीक्षा माणसाची नसून त्याच्या लिखाणाची व्हावयाची होती. तरी दार फारसें रुंदावलें नाहीं. १८५५ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं आपलें 'तृतीय रत्न' हें नाटक ह्याच कमिटीकडे पाठविलें व तें नाकारलें गेलें. कमिटींतील भटसभासदांच्या आग्रहामुळें असें झालें, अशी नोंद त्यांनीं पुढें १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्वतः केली आहे. भटांची व कुणब्यांची गोष्ट सांगणारें नाटक भटांनींच तपासावें, ही योजनाच अशी होती कीं, निकालासाठीं ज्योतिषाची गरज नव्हती.

म्हणून १८५७ च्या जुलैंत कायद्यानें मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें, तें आपल्याबरोबर काय घेऊन आलें हें नीट पाहिलें पाहिजे. त्याचा नमुना लंडन विश्वविद्यालयाचा. शिकवावें कॉलेजांनीं, परीक्षा घ्यावी विश्वविद्यालयानें. १९०४ च्या कायद्यापर्यंत शिकविणें हें त्याचें कामच नव्हतें. परीक्षा घेणारा आणि शिकविणारा ह्यांची अशी फारकत होतांच कागद हाच दोघांतला दुवा राहिला, आणि त्या कागदावर नांवाऐवजीं क्रमांक घालण्याची पद्धति रुळली. ह्या क्रमांकाची थट्टा करणें सोपें आहे. परंतु भीमराव आंबेडकरांना शाळेंत संस्कृत शिकावयाची इच्छा असतां तें नाकारलें गेलें व फारशी घ्यावी लागली. शिकविणाऱ्यानें जात पाहिली. तेच आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांतून ह्याच विश्वविद्यालयाची बी. ए. परीक्षा उतरले, कागदावरच्या क्रमांकाला जात नव्हती. रामशास्त्र्यांच्या सचोटीनें जें एका माणसापुरतें साधलें, तें ह्या अंधत्वानें पुष्कळांपुरतें साधलें, हें कबूल केल्यावांचून पुढें जाऊं नये.

हा फेरबदल केवळ आपल्याकडेच झाला असेंही नाहीं. युरोपांतील मध्ययुगीन विद्यापीठें वादावरच पदव्या देत. केंब्रिजांत तोंडी वाद हळूहळू मागें पडून लेखी परीक्षा पुढें आली. तथापि तेथील गणिताच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत येणाऱ्यांस 'रँग्लर' हेंच नांव राहिलें. १८९९ सालीं रघुनाथराव परांजपे सीनिअर रँग्लर झाले तेव्हांपासून हा शब्द मराठी घरांत इतका मुरला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ 'भांडणारा, वाद घालणारा' असा आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. वाद गेला आणि पदवी राहिली.

मुंबईच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत, १८५९ सालीं, शंभराहून अधिक मुलें बसलीं व वीसबावीस उतरलीं. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ त हेच पहिल्या बी. ए. वर्गांतही झळकले. त्या काळीं एल्फिन्स्टन कॉलेजांत सर अलेक्झांडर ग्रँट हे होते, प्रथम प्राध्यापक व पुढें प्रिन्सिपॉल. हे ऑक्सफर्डचे पंडित. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची त्यांनीं काढलेली सटीक आवृत्ति १८५७ पासून प्रसिद्ध होऊं लागली होती व तिनें त्यांचें नांव विलायतेंतही झालें होतें. अशा गुरूच्या हातीं रानड्यांसारखा शिष्य यावा, हा योग दुर्मिळ. आणि ह्याच योगांत ती प्रसिद्ध गोष्ट घडली, जी रानड्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केली आहे. रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य ह्यांची तुलना केली आणि तुलनेंत इंग्रजी राज्याकडे उणेपणा आला. ग्रँटसाहेबांनीं त्यांस बोलावून घेतलें, जें सरकार तुम्हांस शिक्षण देत आहे व तुमच्या लोकांसाठीं इतकें करीत आहे त्याची निंदा करूं नये असें सुनावलें, आणि त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली.

ह्या गोष्टीचा उपयोग सामान्यतः रानड्यांचा स्वाभिमान दाखविण्यासाठीं करितात. आम्हांस तींत एका उत्तरपत्रिकेची तपासणी दिसते. निबंधांत पुरावा अपुरा होता काय? हेतु व निगमन ह्यांचा सांधा सुटला होता काय? कोणतें निग्रहस्थान? ग्रँटांच्या बोलण्यांत ह्याचा उल्लेख नाहीं. आक्षेप आहे तो निष्कर्षावर. ज्या पुरुषानें ॲरिस्टॉटलचें नीतिशास्त्र ओळींओळींनें समजून घेतलें होतें, आणि ज्याला ठाऊक होतें कीं त्याच ॲरिस्टॉटलनें आपल्या गुरूच्या मताशीं मतभेद उघडपणें मांडला, त्यालाही शिष्याच्या कागदावर विचार आणि मत ह्या दोन वस्तु वेगळ्या दिसल्या नाहींत. नैयायिकांच्या सभेंत ह्याला निरनुयोज्यानुयोग म्हटलें असतें, आणि निग्रह परीक्षकाचा ठरला असता. पण तेथें तिसरें कोणी ऐकणारें नव्हतें. गुरूनें बोलावलें, शिष्य उभा राहिला, शिष्यवृत्ति गेली. एवढें मात्र ग्रँटांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं निदान कारण सांगितलें. रानड्यांना आपले सहा महिने कशांत गेले हें पक्कें ठाऊक होतें. दापोड्याच्या आमच्या शेजाऱ्याला चार गुणांचा तपास नाहीं. आणि पुढें ग्रँटांचा रानड्यांवरील लोभ कायम राहिला, हेंही त्याच चरित्रांत नमूद आहे.

ह्यानंतरच्या पिढ्यांत मतासाठीं शिक्षा होण्याचे प्रसंग विरळ झाले. कारण कागदांतून मतच नाहींसें झालें. परीक्षकाला मुलगा दिसत नाहीं, मुलाला परीक्षक दिसत नाहीं, तेव्हां दोघांनाही सुरक्षित अशी एकच वस्तु उरते: पाठ्यपुस्तक आणि त्यावरील टिपा. टिपा लिहिणारे सारेच कांहीं पोटार्थी नव्हते. डेक्कन कॉलेजचे सेल्बी ह्यांनीं बेकनच्या निबंधांस टिपा लिहिल्या, त्या आजही वाचनीय आहेत. आपल्या संस्कृत विद्वानांनींही ह्या कामीं मोठी मेहनत घेतली. एल्फिन्स्टन कॉलेजांतले भीमाचार्य झळकीकर ह्यांचा 'न्यायकोश', किंवा यशवंत वासुदेव आठल्ये ह्यांनीं सिद्ध केलेली व महादेव राजाराम बोडस ह्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १८९७ त निघालेली 'तर्कसंग्रहा'ची आवृत्ति, हे ग्रंथ कोणत्याही देशास भूषण होतील. परंतु गंमत पाहा. 'तर्कसंग्रह' हें वाद करूं इच्छिणाऱ्या बालकांसाठीं लिहिलेलें पुस्तक. तें परीक्षेस नेमलें गेलें आणि बालकें त्यांतील लक्षणें पाठ करूं लागलीं. 'व्याप्ति म्हणजे काय' ह्याचें उत्तर बिनचूक देणारा मुलगा आपल्या शेजाऱ्याच्या बोलण्यांतली व्याप्ति कोठें मोडली हें ओळखूं शकतो किंवा नाहीं, हें कागद विचारीतच नाहीं.

परीक्षार्थी परीक्षकाहून श्रेष्ठ आहे असा शेरा परीक्षकानें उत्तरपत्रिकेवर लिहिल्याची आख्यायिका राजेंद्रप्रसादांविषयीं सर्वत्र सांगतात, आणि थोड्याबहुत फरकानें ती इतरही विद्वानांविषयीं ऐकूं येते. ती इतकी लोकप्रिय कां व्हावी? आमच्या मतें तींत लोकांची एक भूक दिसते. कोणी तरी आपला कागद खरोखर वाचला, आणि वाचून कांहीं तरी म्हटलें, एवढीच ती भूक.

आतां कोणी म्हणेल, तोंडी परीक्षेंत पक्षपात होतो, लेखींत निदान माप तरी सारखें असतें. ह्या समजुतीची तपासणी होऊन गेली आहे, आणि ती करणारांत आपल्या देशाला परिचित असलेले एक गृहस्थ होते. सर फिलिप हार्टोग हे डाक्का विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरु. १९२९ च्या शिक्षणविषयक हार्टोग कमिटीमुळें त्यांचें नांव आपल्याकडे झालें. विलायतेस परतल्यावर त्यांनीं ऱ्होड्स ह्यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली व १९३५ त निकाल प्रसिद्ध केला. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांकडून तपासवून घेतल्या, आणि वर्षदीडवर्षानें त्याच उत्तरपत्रिका त्याच माणसांपुढें पुन्हां ठेविल्या. चौदा परीक्षकांनीं दुसऱ्यांदा दिलेल्या २१० निवाड्यांपैकीं ९२ पहिल्या वेळेहून निराळे निघाले. माणूस तोच, कागद तोच, नापासाचा पास आणि पासाचा नापास.

फ्रान्सांत ह्याच शोधाचा भाग म्हणून लोजिए व वैनबर्ग ह्यांनीं तेथील बाकालोरेआ परीक्षेचे कागद तपासविले. ही परीक्षा १८०८ पासूनची, आणि शाळा सोडणाऱ्या मुलांना तींत आजही चार तास बसून तत्त्वज्ञानाच्या प्रश्नावर निबंध लिहावा लागतो. आपल्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचें तें थोरलें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. त्यांनीं असा हिशेब मांडला कीं, एखाद्या कागदाचा भरंवशाचा गुण काढावयाचा तर किती परीक्षकांची सरासरी घ्यावी लागेल? गणितासाठीं उत्तर आलें १३. तत्त्वज्ञानासाठीं १२७. एका मुलाच्या एका निबंधाला एकशें सत्तावीस वाचणारे! ही संख्या प्रथम वाचली म्हणजे हसूं येतें. परंतु तिच्यांत आम्हांस न्यायसूत्रांतील ती सभा दिसते, मात्र प्रत्येकाला वेगळ्या खोलींत कोंडलेली व एकमेकांशीं बोलण्यास मनाई केलेली. शंभरसव्वाशें माणसांची सरासरी काढून जें मिळवावयाचें, तें तिघांनीं समोरासमोर बसून बोलल्यास कदाचित् लवकर मिळेल, असें आमचें अनुमान आहे. सिद्ध झालेली गोष्ट म्हणून आम्ही तें पुढें करीत नाहीं.

आपण मात्र उलट दिशेनें गेलों. मुंबई विद्यापीठानें २०१७ त उत्तरपत्रिका यंत्रानें प्रतिबिंबित करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति सर्वत्र लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, प्रत्येकीवर पट्ट्यापट्ट्यांचें चिन्ह. आम्हां दापोडेंकरांना हें चिन्ह चांगलें परिचयाचें. तें वाचणारें यंत्र गोदामांतून दिवसभर टिकटिकत असतें आणि कोणतें खोकें कोठून निघालें हें क्षणांत सांगतें. निकालांना ठरलेली जुलैअखेरची मुदत टळली, महिने लोटले, पुढील शिक्षणाला जाणारीं मुलें खोळंबलीं, आणि त्याच ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. उशीर ही व्यवस्थेंतली चूक होती व ती सुधारतां येण्याजोगी आहे. परंतु यंत्र अगदीं वेळेवर चाललें असतें तरी तें कागद कोठें आहे एवढेंच सांगणार. कागदांत काय आहे हें विचारण्याची त्याला गरज नाहीं, आणि घाईंतल्या परीक्षकाला सवड नाहीं.

परीक्षेवांचून तत्त्वज्ञान शिकण्याचा एक प्रयोगही महाराष्ट्रांत झाला आहे, तो अमळनेरास. प्रतापशेट ह्यांच्या औदार्यानें १९१६ त तेथें तत्त्वज्ञानमंदिर उभें राहिलें. साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वीं कांहीं काळ तेथेंच अभ्यासास होते. मंदिरांत पदवी नव्हती, गुण नव्हते. विद्वानांनीं राहावें, वाचावें, बोलावें. ह्या मंडळींपैकीं मलकानी, रासविहारी दास व मूर्ति ह्या तिघांनीं १९३३ सालीं 'अज्ञान' ह्या नांवाचें एक इंग्रजी पुस्तक काढलें. विषय अद्वैतांतील अज्ञानाचा. तिघांचीं मतें तीन, आणि तिन्ही एकाच बांधणींत शेजारीं शेजारीं. कोणाला किती गुण, हें पुस्तकांत कोठेंही लिहिलेलें नाहीं, आणि तरी कोणाचा युक्तिवाद कोठें घट्ट आहे व कोठें सैल आहे हें वाचणाऱ्यास कळतें. अर्थात् ही प्रौढांची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या मुलांना, ज्यांना उद्यां नोकरीच्या अर्जावर पदवी लिहावयाची आहे, मंदिरांत नेऊन बसवितां येणार नाहीं.

तरीही वाद अगदींच मेलेला नाहीं ह्याचें एक अलीकडचें उदाहरण आहे. १९८३ त पुण्यास दया कृष्ण, मे. पुं. रेगे इत्यादिकांच्या पुढाकारानें जुन्या परंपरेंतले नैयायिक पंडित आणि इंग्रजींतून तत्त्वज्ञान शिकलेले अध्यापक समोरासमोर बसले. पंडितांपुढें रसेलची विधानविषयक कल्पना संस्कृतांतून मांडण्यांत आली. ती आधीं त्यांना समजेल अशा रीतीनें सांगणें, मग त्यांनीं ती आपल्या शब्दांत परत सांगणें, आणि नंतर खंडनमंडन, असा तो क्रम. अननुभाषणाची जुनी कसोटी दोन्ही पक्षांना लागू झाली. ह्या संवादाचा ग्रंथ १९९१ त छापून निघाला. कॉलेजांत जन्मभर ज्यांनीं गुण दिले होते, ते त्या दिवशीं दुसऱ्याच्या म्हणण्याला उत्तर देत बसले होते.

ह्यांतून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीं काय घेतां येईल? लेखी कागद जाऊं नये. क्रमांक तर मुळींच जाऊं नये, कारण त्या अंधत्वाची किंमत ज्यांनीं दिली आहे त्यांनाच ती ठाऊक. पण शंभर गुणांतले वीस अनुभाषणासाठीं काढून ठेवावे. विद्यार्थ्यानें कागदांत ज्याचें खंडन केलें त्याचें म्हणणें त्यानें तोंडी सांगावें. सांगतांना तीन संधि मिळाव्यात. शिकविणारा व दुसऱ्या कॉलेजांतला एक असे दोघे ऐकणारे असावेत, म्हणजे एकानें दुसऱ्याचें पर्यनुयोज्योपेक्षण पकडावें. आणि गुण कशांत गेले तें मुलाला त्याच बैठकींत एका वाक्यानें सांगावें. शब्द अडखळला म्हणून कोणाचा गुण कापूं नये. ह्यावर लगेच येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: वर्गांत मुलें किती, वेळ कोठून आणावयाचा? तर वर्गांत एकशेंवीस मुलें धरा व प्रत्येकास दहा मिनिटें द्या. बाराशें मिनिटें होतात, म्हणजे वीस तास. आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रांत ते आठवड्यास एक तास वीस मिनिटांहून अधिक पडत नाहींत.